तिसऱ्या वर्षाची लाट

दर सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला वृषाली घाडी चहाला उठत नसे. संस्थेतल्या लोकांना तिची ही सवय ठाऊक होती, कारण मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. त्या वेळेला राज्यभरच्या उपकेंद्रांचे आठवड्याचे अहवाल पुण्यात येऊन पडायचे. त्यात सिंधुदुर्गातल्या तळकोंड गावाचाही असायचा, आणि त्याच्या तळाशी नाव असायचं: सुदेश घाडी, आरोग्यसेवक. हा सुदेश तिचा नवरा. बाई चाळिशी ओलांडलेली, संख्याशास्त्रात नाव कमावलेली, आणि नवऱ्याचं नाव वाचायला सोमवारची वाट बघते, हे कुणाला सांगितलं असतं तर हसूच झालं असतं.

दोघांत भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. लग्नानंतर तीन वर्षं ती तळकोंडला राहिली, मग पुण्याची नोकरी आली. सुदेश तिच्याबरोबर पुण्याला आला, एका इस्पितळाच्या कचेरीत बसून पाहिलं, आठ महिन्यांत निम्मा झाला. एके दिवशी तो म्हणाला, मी जरा गावी जाऊन येतो. ते जाऊन येणं सात वर्षं चाललं होतं. आधी रोज फोन व्हायचा, मग आठवड्याला, आणि आता गणपतीला आणि दिवाळीला, तोही प्रकृती विचारण्यापुरता. तिने 'ये' म्हटलं नाही आणि त्याने 'येऊ का' विचारलं नाही. एकमेकांवर ओझं टाकायचं नाही, एवढ्या एका समजूतदारपणाने दोघांनी आपल्या संसाराचं वाटोळं केलं होतं.

वृषालीचं काम म्हणजे ऋतुफलक. २०४३ सालात शाळकरी पोरालाही तो माहीत होता. प्रत्येक गावासमोर प्रत्येक आजाराचा एक रंग: हिरवा, पिवळा किंवा लाल. पुढच्या चार आठवड्यांत कुठे काय उद्भवणार याचा तो अंदाज असे. लस कुठे पाठवायची, फिरता डॉक्टर कुठे मुक्कामाला ठेवायचा, रक्ताच्या पिशव्या कुठे हलवायच्या, हे सगळं त्या रंगांवर ठरायचं.

त्यामागचं शास्त्र ऐकायला सोपं आहे. आजारांनाही त्यांचे हंगाम असतात. गेल्या वीस वर्षांत दर आठवड्याला किती माणसं आजारी पडली याचे आकडे मांडले, तर त्यातून लाटा दिसू लागतात. एक लाट वर्षातून एकदा चढते आणि उतरते, दुसरी बारीक लाट वर्षातून दोनदा. अशा दोनचार लाटा एकमेकींवर रचल्या की खऱ्या आकड्यांच्या चढउताराशी जुळणारी एक वळणदार रेषा मिळते. मग दोनच गोष्टी शोधायच्या: लाटेची उंची किती, आणि तिचा माथा कोणत्या आठवड्यात येतो. त्यात पाऊस, ऊन, दमटपणा मिसळायचा, आणि जे उरेल त्याला योगायोग म्हणायचं. सगळी हुशारी लागते ती याच जागी, योगायोग कशाला म्हणायचं हे ठरवताना.

माकडतापाची लाट वृषालीने स्वतः बांधली होती. हा ताप रानातल्या गोचिडी चावून येतो. पाऊस संपला आणि पालापाचोळा सुकला की गोचिडीची पिल्लं त्यातून वर येतात, पोस्ताच्या दाण्याएवढी, डोळ्यांना धड दिसतही नाहीत. पूर्वी हा हंगाम जानेवारीत भरात यायचा, काजूच्या वेळेला. पण हल्ली ऑक्टोबरातच पाऊस तुटतो आणि ऊन तापतं, म्हणून लाटेचा माथा दरसाल थोडा थोडा अलीकडे सरकत होता. यंदा तो डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येणार होता. हे तिने आधीच पकडलं होतं आणि त्याबद्दल तिला शाबासकीही मिळाली होती.

एक गोष्ट मात्र तिला छळत होती. तळकोंडच्या शेजारी नेरवण नावाचं गाव आहे. तिथे दर तिसऱ्या वर्षी डिसेंबरात एक छोटासा उंचवटा दिसायचा. २०३७ साली पाच रुग्ण, २०४० साली नऊ, त्यातले दोन दगावलेले. मधली वर्षं कोरडी. तीन वर्षांनी येणारा हा कसला ऋतू? तिने उंदरांची पैदास तपासली, बांबूचा फुलोरा तपासला, जंगलातली तोड तपासली. काही जुळेना. शेवटी नेरवणच्या सगळ्या माणसांना लस टोचून घ्यायला सांगून तिने तो प्रश्न बाजूला ठेवला होता. तळकोंडला तेवढी गरज नव्हती. तिथे माकडताप जवळजवळ नव्हताच, फलक वर्षानुवर्षं हिरवा होता.

त्या डिसेंबरातल्या एका बुधवारी तळकोंड उपकेंद्राकडून एक सूचना आली. रजेच्या, दुरुस्तीच्या अशा सूचना रोज शेकड्याने येतात आणि त्या कुणी वाचत नाही. ही वृषालीने वाचली, कारण खाली ते नाव होतं. एकच ओळ होती: 'शनिवारपासून गावपळण असल्याने उपकेंद्र तीन दिवस बंद राहील.'

ती वाचून तिला आधी नुसतं हसू आलं. गावपळण तिने कधी पाहिली नव्हती, फक्त ऐकली होती; ती तळकोंडला राहत असताना एकदा झाली तेव्हा नेमकी ती माहेरी होती. तळकोंडात दर तीन वर्षांनी देवाचा कौल झाला की अख्खं गाव घरंदारं सोडून वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, कुणी मागे राहायचं नाही. तीन दिवस, तीन रात्री झोपड्या बांधून राहायचं आणि मग परत कौल लावून गावात शिरायचं. वेशीबाहेर म्हणजे ओढ्यापलीकडे, काजूच्या रानात. आणि ओढ्यापलीकडचं ते रान नेरवणच्या हद्दीत येतं.

हसू तिथेच थांबलं. दर तीन वर्षांनी. २०३७, २०४०, आणि आता २०४३.

अहवालाच्या नमुन्यात एक रकाना होता: लागण झाली ते ठिकाण. तो वृषालीनेच घालायला लावला होता. तळकोंडची माणसं गावपळणीहून परतून आजारी पडली, तेव्हा सुदेशने त्या रकान्यात प्रामाणिकपणे 'नेरवण' लिहिलं. खरंच होतं ते. म्हणून रुग्ण नेरवणच्या नावावर चढले, लस नेरवणला गेली, आणि तळकोंड हिरवंगार राहिलं. ताप एकाला आणि औषध दुसऱ्याला. जिच्या सासरी हे चालतं तिने उंदीर मोजले, बांबू मोजला, आणि सासरची चालरीत तेवढी मोजली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

तिने नव्याने आकडेमोड केली. मागच्या दोन खेपांना लाट वर चढायच्या आधीच गावपळण उरकली होती, तरी दोन माणसं गेली. यंदा लाटेचा माथा आणि गावपळण एकाच आठवड्यात होती. तळकोंडची वस्ती सहाशे वीस. लस टोचलेली माणसं चौदा, तीही मुंबईहून परतलेली. उत्तर आलं चाळीस ते साठ रुग्ण, आणि त्यातले किती उठणार नाहीत तो आकडा तिने वाचला आणि पडद्यावर हात ठेवला. आता लस देऊन उपयोग नव्हता, ती अंगी लागायला तीन आठवडे लागतात.

संचालक कामेरकर सज्जन माणूस. त्यांनी सगळं ऐकलं, आकडे पाहिले आणि डोकं धरलं. पण रंग बदलायचा तर समितीची पंधरा दिवसांची छाननी लागते, आणि तो नियम वृषालीच्याच आग्रहाने झाला होता. एका गावाला चुकून लाल ठरवल्यामुळे तिथली शाळा महिनाभर बंद राहिली, तेव्हापासून. कामेरकर म्हणाले की जिल्ह्याहून अंगाला लावायचं तेल पाठवायची व्यवस्था ते आजच करतील, बाकी त्यांच्या हातात काही नाही.

मग तिने सुदेशला फोन लावला. गणपती नाही, दिवाळी नाही, म्हणून त्याने आधी घाबरून विचारलं की बरी आहेस ना. ती बरी होती. तिने विचारलं की गावपळण पुढे ढकलता येईल का. तो म्हणाला, कौल झालाय, आता देव सोडून कुणाला ढकलता येत नाही. पण काळजीचं काय आहे, फळो हिरवो हा.

"फळा चुकलाय," ती म्हणाली. "माझा फळा चुकलाय, सुदेश."

मग तो हळूच म्हणाला, "मी लोकांका तुझ्या नावान सांगलंय गो. दोन म्हातारे यंदा नको म्हणत होते, त्यांका मी सांगलंय, वृषालीचो फळो हिरवो आसा."

तळकोंडात ऋतुफलकाला वृषालीचा फळा म्हणतात हे तिला त्या दिवशी कळलं. सात वर्षं तो माणूस तिचं नाव असं गावभर वापरत होता, आणि ती इकडे सोमवारी त्याचं नाव वाचत होती. तिला रडू आलं, पण रडायला सवड नव्हती. तिने तेलाचं सांगितलं, पालापाचोळ्यात झोपू नका म्हणून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "फोनार सांगलेला कोण ऐकूचो नाय. तू ये."

ज्या दोन शब्दांसाठी ती सात वर्षं झुरली ते असे आले, साठ माणसांच्या तापावर बसून.

गुरुवारी सकाळच्या गाडीने ती निघाली. शुक्रवारी सकाळी देवळाच्या मंडपात गाव जमलं. गावकार तात्या घाडी, म्हणजे गावातले पहिले मानकरी, सुदेशचे चुलते, पंच्याहत्तरीचे. वृषालीने आडवळण घेतलं नाही. फळा मी बांधला, तो तुमच्या गावापुरता चुकीचा आहे, आणि चूक माझी आहे, असं तिने उभं राहून सांगितलं. मागे बसलेली एक बाई उठली. सुलोचना तिचं नाव, गेल्या गावपळणीनंतर दगावलेल्या दोघांतल्या एकाची बायको. ओरडली नाही, भांडली नाही.

"माझो घोव गेलो तेव्हाय हिरवोच होतो," एवढंच बोलून ती खाली बसली.

वृषाली उभीच राहिली, कारण बसायला तोंड नव्हतं. शेवटी तात्यांनी विचारलं की गावपळण तर होणार, मग कमीत कमी वाईट कसं होईल ते बोल. ती म्हणाली, काजूच्या रानात राहू नका, वरच्या सड्यावर राहा. सडा म्हणजे उघडा कातळ, ना पाला ना सावली, गोचीड तिथे टिकत नाही. लोक कुरकुरले. तिथे पाणी नाही, ऊन आहे, गुरांनी खायचं काय. तासाभराच्या वादावादीनंतर तडजोड निघाली: झोपायचं सड्यावर, स्वयंपाक आणि गुरं ओढ्याकाठी. सरकारी असो की गावकीची, तडजोड ही अशीच निम्मी असते. तिला तेवढंही पुष्कळ वाटलं.

शनिवारी उजाडताच तळकोंड रिकामं झालं. पुढे गुरं, मागे डोक्यावर टोपल्या, टोपल्यांत कोंबड्या. कातळावर झावळ्यांच्या झोपड्या उभ्या राहिल्या. लोकांनी तेल फासलं, तेलाच्या वासाला नावं ठेवली, आणि दुपारपर्यंत कुणी भजन म्हणू लागलं, कुणी पत्ते मांडले. गावपळण मुळात मजेची असते. जन्मभर शेजारी राहून न बोललेल्या बायका तिथे एका चुलीवर भाकऱ्या भाजतात.

वृषालीने एक नियम घालून दिला होता. सूर्य मावळायच्या आत प्रत्येक घराने आपापल्या माणसांचं अंग तपासायचं. कानामागे, मानेवर, काखेत, गुडघ्याच्या लवणीत. गोचीड चिकटल्यावर जितक्या लवकर निघेल तितकं बरं. निघालेल्या गोचिडी तिच्याकडे आणून द्यायच्या, ती मोजून बाटलीत ठेवणार. संध्याकाळी साऱ्या सड्यावर आया पोरांना उलटंपालटं करत होत्या, आणि म्हातारे कधी नव्हे ते म्हातारीपुढे मान वाकवून बसले होते. कुणी काय बोललं आणि कुठे खसखस पिकली हे सांगायला नको.

सुदेश झोपडीपुढे एकटाच उकिडवा बसून स्वतःच्या पोटऱ्या बघत होता. वृषाली जवळ गेली. आपली मान आपल्याला दिसत नाही, असं ती म्हणाली. त्याने सदरा काढला आणि पाठ केली. त्याच्या मानेवर आता पांढरे केस होते आणि उजव्या खांद्यावर एक भाजल्याचा डाग होता, तो तिला माहीत नव्हता. तिने विचारलं तेव्हा कळलं की तो चार वर्षांपूर्वीचा आहे. ती बोटांनी केस बाजूला करत सावकाश बघत राहिली. कानामागे एक बारीक ठिपका सापडला, तो तिने चिमट्याने काढला. मग त्याने तिची मान पाहिली. सात वर्षांत तिला कुणी असा हात लावला नव्हता. तिला वाटलं, हे तपासणं संपू नये. गोचिडीची पिल्लं शोधणाऱ्या बाईला असं वाटावं हे शास्त्राला धरून नव्हतं.

पहिल्या दिवशी सगळ्या सड्यावर मिळून अकरा गोचिडी निघाल्या. दुसऱ्या दिवशी चौदा. तिसऱ्या दिवशी एकतीस. लोक सैलावले होते, दुपारच्या उन्हाने सावलीसाठी काजूखाली जाऊन पडत होते, तेलाच्या बाटल्याही तळाला लागल्या होत्या. वृषालीने ओरडून पाहिलं, विनवून पाहिलं. तिसऱ्या संध्याकाळी ती सुदेशच्या मानेवरून हात फिरवत असताना त्याने विचारलं की उद्या कितीची गाडी. चारची, ती म्हणाली. फळा दुरुस्त करायला तिला पुण्याला जायलाच हवं होतं. तळकोंडसारखी आणखी किती गावं खोट्या हिरव्यात बसली असतील ते तिलाही ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, बरोबर आहे. हा शब्द तिला आयुष्यात इतका कधी टोचला नव्हता.

मंगळवारी सकाळी चार मानकरी वेशीवरच्या पाषाणापाशी गेले. दगडाला ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर गावात शिरायचं, डावी पडली तर मुक्काम वाढवायचा. अख्खं गाव बोचकी बांधून मागे उभं होतं. पाव तास पाकळी हलली नाही. मग डावी पडली.

आणखी एक दिवस. आणखी एक रात्र. लोकांतून एक सुस्कारा निघाला, आणि वृषालीच्या छातीत मात्र काहीतरी आनंदाने उसळलं. हिशोब करायच्या आधी, लाज वाटायच्या आधी, ते उसळलं. आणखी एक संध्याकाळ. चारची गाडी आपोआप चुकणार होती आणि त्यात तिचा काही दोष नव्हता, प्रत्यक्ष देवाने सांगितलं होतं. तिने सुदेशकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर तेच होतं. इतकं उघडं की तिने नजर वळवली.

तेवढ्यात तात्या वळले. ते थेट तिच्याकडे चालत आले. त्यांच्या मागे सुलोचना उभी होती, तिच्या हातात काल संध्याकाळची बाटली होती, एकतीस गोचिडींची.

"सूनबाय, कौल देवाचो," तात्या म्हणाले. "पण तसाच कारण असला तर तो परत लावक येता. कारण सांगणारा माणूस लागता. तू सांग. रवाचा काय जावचा?"

सगळे तिच्याकडे बघत होते. शुक्रवारी ज्यांच्यापुढे ती चूक कबूल करायला उभी होती, तीच माणसं आता तिचा शब्द मागत होती. आकडा तिला पाठ होता. अकरा, चौदा, एकतीस. चौथ्या दिवशी साठाच्या घरात. तेल संपलेलं. तिने 'रवा', थांबा, एवढंच म्हटलं असतं तर कुणी विचारलंही नसतं, देवाचा कौलही तेच सांगत होता. एक रात्र फक्त. एवढ्या वर्षांत तिने कुणाकडे काही मागितलं नव्हतं.

"चला, गावात जाऊ," ती म्हणाली. "आत्ताच. कारण माझ्याकडे आहे."

पाकळी पुन्हा लावली. तिने पाषाणाकडे पाहिलं नाही. लोकांचा गलका झाला त्यावरून उजवी पडल्याचं तिला कळलं. पुढे त्या खेपेला दोघांना ताप आला आणि दोघंही उठून बसली, पण ते समजायला आठ दिवस होते. त्या सकाळी नुसती धावपळ होती. गुरं सुटली, पोरं पुढे पळाली, झोपड्यांच्या झावळ्या जागच्या जागी पडू लागल्या.

सुदेश खाली बसून चुलीवरची भांडी गोणीत भरत होता. ती त्याच्याजवळ गेली आणि टोप उचलून देऊ लागली. गोणीचं तोंड बांधता बांधता, वर न बघता, तो म्हणाला, "माका वाटला, तू रवा म्हणतलंस."

"मलाही तेच म्हणायचं होतं," वृषाली म्हणाली.